भाव आणि पट्टी

माझे वडील निफाड तालुक्यात कांदा पिकवायचे. लासलगावला माल गेला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तीन आकडे छापून यायचे: किमान, कमाल, सरासरी. वडील ते वाचायचे, शेजाऱ्यांशी त्यावरून वादही घालायचे, पण हिशेब त्यावर कधी करायचे नाहीत. हिशेब व्हायचा पट्टीवर. वजन किती भरलं, आपल्या ट्रॉलीचा पुकारा कितीवर थांबला, हमाली-तोलाईत किती गेले आणि शेवटच्या ओळीत किती उरले. भाव पेपरात असतो आणि पैसे पट्टीत, हे मला शाळेत असतानाच कळलं होतं. पुढे मी नाशकात करसल्लागार झालो आणि हा जुना धडा परत कामाला आला, तो कांद्यामुळे नव्हे तर क्रिप्टोमुळे.

जुलै महिना होता, विवरणपत्रांची घाई चाललेली. सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला असलेला तरुण मोबाइल पुढे करून म्हणाला, "सर, क्रिप्टोत तोटाच झालाय. म्हणजे तिकडचं काही भरायचं नाही ना?" मी त्याला व्यवहारांची यादी काढायला लावली. एका नाण्यात ८० हजारांचा नफा, दुसऱ्यात एक लाखाचा तोटा. एकूण २० हजार गेलेले. आकडेमोड करून मी सांगितलं, "२४ हजार ९६० रुपये कर." तो हसला. मी चेष्टा करतोय असं त्याला वाटलं.

चेष्टा नव्हती. २०२२ च्या अर्थसंकल्पाने या साऱ्या प्रकाराला ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असं नाव देऊन तिच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लावला, वर ४ टक्के उपकर. खरेदीची किंमत सोडली तर कुठलाच खर्च वजा मिळत नाही. सगळ्यात जिव्हारी लागणारी तरतूद पुढची आहे: एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षाकडे ओढताही येत नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपलीकडच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. हा वेगळा कर नव्हे, आगाऊ कापणी आहे. विवरणपत्रात ती जमा धरतात. पण एक लाखाची रक्कम वर्षात पन्नास वेळा फिरवली तर पन्नास हजार रुपये सरकारकडे अडकून राहतात, नफा झालेला असो वा नसो. आणि एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी कायद्याच्या लेखी ती विक्रीच. हा पठ्ठ्या दिवसाला चार-चार वेळा नाणी बदलत होता. रुपये बँकेत आले नाहीत तोवर व्यवहार झालाच नाही, अशी त्याची समजूत.

त्याच्या मोबाइलवरचे भाव खोटे नव्हते. पट्टी तेवढी कोणी काढली नव्हती. हे पुस्तक ती काढायला शिकवण्यासाठी लिहिलं आहे. कुठलं नाणं घ्यावं आणि कधी घ्यावं, ते यात सापडणार नाही; ते सांगणारे यूट्यूबवर उदंड आहेत आणि त्यांचं पोट त्यावरच चालतं.

आता भाव म्हणजे काय ते पाहू. ॲपवर एका नाण्यासमोर एकच आकडा दिसतो आणि नवख्याला वाटतं, पेट्रोल पंपावरच्या दरासारखा कोणीतरी तो ठरवून लावलेला आहे. जाऊन मागितलं की त्या दराने मिळणार. प्रत्यक्षात तो आकडा एवढंच सांगतो की क्षणापूर्वी कुठल्यातरी दोघांचा एवढ्यावर सौदा पटला. २२ मे २०१० हा दिवस क्रिप्टोवाले सणासारखा पाळतात, कारण त्या सुमारास फ्लोरिडातल्या लॅझ्लो हॅनयेच या प्रोग्रामरने दोन पिझ्झ्यांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले. पिझ्झावाल्याने बिटकॉइन घेतले नव्हते, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. एका तिसऱ्याच माणसाने साध्या पैशांत पिझ्झे मागवून दिले आणि बदल्यात बिटकॉइन घेतले. तो माणूस भेटला नसता तर त्या दिवशी १०,००० बिटकॉइनची किंमत दोन पिझ्झेसुद्धा नव्हती. नंतरचा एवढा मोठा बाजार त्या तिसऱ्या माणसावरच उभा आहे: समोर घेणारा कोण आणि तो किती घ्यायला तयार आहे.

आज त्या घेणाऱ्या-देणाऱ्यांची यादी एक्स्चेंजच्या वहीत असते. तिला ऑर्डर बुक म्हणतात. समजा एका लहान नाण्याचा भाव १०० रुपये दिसतोय. वहीत विकणारे असे उभे आहेत: १०१ रुपयांना २० नाणी, १०३ ला ३०, ११० ला ५०. घेणारे असे: ९९ ला २०, ९७ ला ३०, ९० ला ५०. तुम्ही ‘मिळेल त्या भावाने १०० नाणी द्या’ असं बटण दाबलंत. इंग्रजीतला शब्द मार्केट ऑर्डर. मराठीत मी त्याला कोरा चेक म्हणतो. वहीतली पहिली २० नाणी १०१ ने आली, पुढची ३० १०३ ने, उरलेली ५० ११० ने. बिल झालं १०,६१० रुपये.

आता गंमत बघा. शेवटचा सौदा ११० ला झाला, म्हणून पडद्यावर भाव ११० दिसू लागला. तुमच्या १०० नाण्यांसमोर ११,००० ही रक्कम आणि शेजारी हिरवा बाण. घेऊन मिनिटही झालं नाही तोच ३९० रुपयांचा फायदा! त्या आनंदात तीच नाणी लगेच विकायला काढा. २० जातील ९९ ने, ३० ९७ ने, ५० ९० ने. हातात ९,३९०. जगात काही घडलं नाही, बातमी नाही, अफवा नाही, तरी १,२२० रुपये गेले, म्हणजे शेकडा साडेअकरा. भाव तुम्हीच चढवलात आणि तुम्हीच पाडलात.

बिटकॉइन किंवा इथरची मोठ्या एक्स्चेंजवरची वही इतकी जाड असते की हजारा-दोन हजारांच्या सौद्याने ती जागची हलत नाही. लहान नाण्यांची वही मात्र अशीच विरळ असते, आणि नवखा माणूस नेमका तिकडेच वळतो. बिटकॉइन महाग झालं, हे बारा आण्याचं नाणं बघू, रुपयाचे शंभर झाले तर? खरं तर बिटकॉइनचे दहा कोटी बारीक तुकडे होतात आणि शंभर रुपयांचंही घेता येतं. नाण्याच्या दर्शनी किमतीवरून ते स्वस्त की महाग हे कळत नाही, जसं केळी डझनावर आणि कांदा क्विंटलवर विकतात म्हणून त्यांची तुलना होत नाही.

इथेच ‘मार्केट कॅप’ नावाचं गारुड येतं. वरच्याच नाण्याची एकूण एक कोटी नाणी आहेत असं धरा. भाव १०० असताना त्याची बाजारातली एकूण किंमत १०० कोटी रुपये म्हणून छापली जाते. तुमच्या १०,६१० रुपयांच्या खरेदीनंतर ती ११० कोटी. तुम्ही साडेदहा हजार टाकलेत आणि कागदावर दहा कोटींची संपत्ती निर्माण झाली. लासलगावात शेवटच्या ट्रॉलीला चढा भाव मिळाला म्हणून कोणी जिल्ह्यातल्या सगळ्या चाळींतला कांदा त्या भावाने मोजून स्वतःला श्रीमंत म्हणवत नाही. इथे मोजतात. आणि ज्याच्याकडे त्या कोटीतली साठ-सत्तर लाख नाणी फुकट पडून आहेत, म्हणजे ज्याने ते नाणं काढलं, त्याला तो आकडा जाहिरातीला फार उपयोगी पडतो. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एका गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावावर ‘स्क्विड’ हे नाणं निघालं होतं; मालिकेशी त्याचा संबंध नव्हता. भाव २,८०० डॉलरच्या वर गेला. ज्यांनी घेतलं होतं त्यांना ते विकताच येत नव्हतं. मग काही मिनिटांत भाव जवळजवळ शून्यावर आला, काढणारे पैसे घेऊन पसार. भाव दिसत होता, पट्टी निघण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

मग सगळंच थोतांड आहे का? माझं तसं मत नाही, आणि या पुस्तकातलं बिटकॉइनवरचं प्रकरण मी पुरेशा आदराने लिहिलं आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला, ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या हिशेबवहीचं पहिलं पान लिहिलं गेलं, आणि त्यामागे कोण होतं हे आजही सिद्ध झालेलं नाही. मधल्या कुणावर विश्वास न ठेवता हजारो संगणकांनी एकच हिशेबवही, म्हणजे ब्लॉकचेन, जुळवून ठेवायची, ही कल्पना चालली. एकूण नाणी २ कोटी १० लाखांवर कधी जाणार नाहीत. त्यांतली नव्वद टक्क्यांहून जास्त बाहेर आली आहेत. साधारण दर दहा मिनिटांनी एक पान भरतं आणि ते भरणाऱ्याला नवी नाणी मिळतात. सुरुवातीला पानामागे ५० मिळत. दर सुमारे चार वर्षांनी हा आकडा निम्मा होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आला. म्हणजे दिवसाला जेमतेम ४५० नवी नाणी. पुरवठा इतका नेमका आधी ठाऊक असलेला दुसरा माल माझ्या तरी माहितीत नाही. कांद्याचं सांगायलाच नको. पण मागणीबद्दल ही वही एक अक्षर सांगत नाही. पुरवठ्याचा नियम काटेकोर असूनही नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरला टेकलेलं बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या खाली आलं होतं. कंपनीला नफा असतो, घराला भाडं असतं, बिटकॉइनला यातलं काही नाही. पुढचा माणूस काय देतो तेवढंच.

नाण्यापेक्षाही ते ठेवलंय कुठे, हा प्रश्न मला मोठा वाटतो. एक्स्चेंजवर घेतलेलं नाणं बहुतेक वेळा त्या मूळ वहीत तुमच्या नावावर चढतच नाही. ते एक्स्चेंजच्या पाकिटात असतं आणि एक्स्चेंज आपल्या खासगी खात्यात लिहून ठेवतं की यातलं इतकं अमक्याचं. तुमच्या हातात येते ती पावती. टोकियोची माउंट गॉक्स ही एके काळची सगळ्यात मोठी एक्स्चेंज. तिचं नाव मुळात एका पत्त्यांच्या खेळातली कार्डं विकण्याच्या बेतातून आलं होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये ती बुडाली तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं तिने सांगितलं. त्यांतली दोन लाख पुढे सापडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही एक्स्चेंज बुडाली, कारण ग्राहकांच्या ठेवी मालकाच्याच दुसऱ्या कंपनीच्या सट्ट्यात गेल्या होत्या. त्या मालकाला, सॅम बँकमन-फ्रीडला, मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. आणि १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या पाकिटातून २३ कोटी डॉलरच्या आसपासचा माल चोरीला गेला. त्यामागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने पुढे संयुक्तपणे सांगितलं. तिथले व्यवहार वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. त्या काळात बिटकॉइनने लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. लोकांना आपलं नाणं वर जाताना दिसत होतं आणि हात लावता येत नव्हता.

यावर उपाय म्हणून स्वतःच्या पाकिटात नाणी ठेवता येतात. तेव्हा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांची एक ओळ मिळते. ती ज्याच्याकडे, माल त्याचा. विसरलात तर पासवर्ड बदलून देणारी बँक नाही, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलीत तर चोराचं काम सोपं. घरातल्या कुणालाच न सांगता ठेवलीत तर वारसांना काहीच मिळत नाही. माझ्या एका अशिलाने ती ओळ देव्हाऱ्यातल्या पोथीत घालून ठेवली आहे. मला ही जागा आवडली. सासूबाई रद्दी काढताना पोथीला हात लावणार नाहीत, एवढी खात्री त्याला होती.

रुपयातून या बाजारात शिरतानाही एक पायरी आहे. बरेच सौदे रुपयांत होतच नाहीत, टेदरसारख्या ‘एक नाणं म्हणजे एक डॉलर’ असं वचन देणाऱ्या नाण्यांत होतात. भारतात टेदर अनेकदा बँकेतल्या डॉलरपेक्षा महाग मिळतो. तो फरक पट्टीची पहिली ओळ. ‘एक डॉलर’ या वचनामागे काय आहे, ते प्रत्येक नाण्याचं वेगळं. कुणामागे रोखे आणि ठेवी असतात. टेरायूएसडी नावाच्या नाण्यामागे मुख्यतः लुना नावाचं दुसरं नाणं होतं. टेरायूएसडीवर वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं. मे २०२२ मध्ये ते वचन मोडलं आणि ८० डॉलरच्या आसपासचं लुना आठवडाभरात कवडीमोल झालं. खऱ्या ठेवी असलेलं यूएसडीसीसुद्धा मार्च २०२३ च्या एका शनिवारी ८८ सेंटपर्यंत घसरलं, कारण त्यातली काही रक्कम बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत होती. सोमवारी ते सावरलं. शनिवारी घाबरून विकणाऱ्यांची पट्टी मात्र शनिवारीच निघाली होती.

एक्स्चेंजपेक्षा बरा भाव मिळतो म्हणून काहीजण टेदर अनोळखी माणसाशी थेट घेतात-विकतात. पीटूपी म्हणतात त्याला. यात भावापेक्षा वाईट धोका आहे. समोरच्याने पाठवलेले पैसे कुठल्यातरी ऑनलाइन फसवणुकीतले निघाले तर दूरच्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून तुमचं बँक खातं गोठतं. पगाराचं खातं असेल तर घरभाडं, हप्ता, शाळेची फी, सगळं अडतं. अशी तीन खाती मी स्वतः सोडवून दिली आहेत. प्रत्येक वेळी नफा काही शे रुपयांचा होता.

उधारीच्या सौद्यांवर, म्हणजे फ्यूचर्सवर, मी पुस्तकात मुद्दाम थोडंच लिहिलंय. दहापट उधारी म्हणजे आपले १० हजार लावून एक लाखाचा सौदा. भाव १० टक्के खाली आला की आपले सगळे गेले. खरं तर त्याच्या थोडं आधीच एक्स्चेंज न विचारता सौदा कापून टाकते. एकाच वेळी हजारो लोकांचे सौदे असे कापले गेले की त्या विक्रीने भाव आणखी पडतो आणि पुढचे हजार कापले जातात. १० ऑक्टोबर २०२५ रोजी ट्रम्प यांनी चिनी मालावर आणखी १०० टक्के आयातशुल्काची घोषणा केली आणि एका दिवसात १,९०० कोटी डॉलरहून अधिक किमतीचे उधारीचे सौदे बाजारभर कापले गेले. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारची मध्यरात्र उलटून गेली होती. दलाल स्ट्रीटला रात्र असते, शनिवार-रविवार असतो, फार घसरण झाली की सर्किट लागून बाजार थांबतो. या बाजाराला दारच नाही, तर बंद काय करणार. ज्या नाण्यांचा भाव त्या रात्री पडून सकाळपर्यंत बराचसा परत आला, त्यांवर उधारीचे सौदे केलेल्यांना उठल्यावर आलेख ठीकठाक दिसला आणि खातं रिकामं.

कायद्याबद्दल दोन शब्द, कारण प्रत्येक व्याख्यानात पहिला प्रश्न तोच येतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केलं. आज घेणं-विकणं गुन्हा नाही, कर आहे, आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली ग्राहकांची ओळख ठेवावी लागते. पण हे चलन म्हणून मान्य नाही, आणि कर घेतला म्हणजे सरकारने हमी घेतली असंही नाही. रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया ही वेगळीच गोष्ट: तो रुपयाच आहे, त्याचा भाव चढत-उतरत नाही.

आणि ज्याला बाजारच म्हणता येत नाही असाही एक प्रकार आहे, त्याने आपल्याकडची बरीच घरं बुडवली. गेनबिटकॉइन प्रकरणात पुण्यात २०१८ साली गुन्हे दाखल झाले. बिटकॉइन आमच्याकडे द्या, दरमहा १० टक्के याप्रमाणे १८ महिने परत घ्या, अशी योजना असल्याचं तपास यंत्रणांचं म्हणणं आहे. नंतर परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या त्यांच्याच नाण्यात देऊ लागले, आणि त्याला बाहेर विचारत कोण होतं? हे समजायला ब्लॉकचेन कळावी लागत नाही. भिशी बुडालेली पाहिलेल्या कुठल्याही बाईला हे कळतं. फरक इतकाच की भिशीवाली गल्लीत राहायची.

पुस्तकाची मांडणी सरळ नाही, हे मला ठाऊक आहे. कराचं प्रकरण शेवटी असायला हवं होतं असं संपादकांचं म्हणणं. मी ते दुसरं ठेवलं, कारण माझ्याकडे लोक येतात ते तिथे अडकल्यावर. आलेखावरच्या मेणबत्त्यांची भाकितं पाहिजे असतील त्यांची निराशा होईल.

पहिल्या प्रकरणाआधी एक कोरं पान सोडलंय. त्यावर फक्त ओळी आखल्या आहेत: बँकेतून किती गेले, पडद्यावर भाव काय होता आणि प्रत्यक्षात कितीला पडलं, एक्स्चेंजची फी आणि तिच्यावरचा जीएसटी, विकताना कितीला गेलं, टीडीएस किती कापला, बँकेत किती परत आले. पाचशे रुपयांचं बिटकॉइन घ्या, दहा मिनिटांनी विका, पैसे बँकेत मागवा आणि तो कागद पेनाने भरा. सातपूरच्या त्या तरुणाकडून मी तो भरून घेतला तेव्हा शेवटच्या ओळीपाशी तो बराच वेळ थांबला होता. मग त्याने विचारलं, "सर, मागच्या वर्षीच्या सगळ्या व्यवहारांची अशी काढायची तर किती कागद लागतील?"